सैल झालेला किल्ट: बकल सरकवायचं, निऱ्या उसवायच्या की नवाच घ्यायचा?

आम्ही ग्लासगोत राहतो. डॉक्टरने शुगर सांगितल्यापासून नवरा खरंच रोज चालायला लागला आणि वर्षभरात पोट चांगलंच उतरलं, छानच झालं, पण कपाटातले दोन्ही किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे ते गुडघ्यापर्यंतचे निऱ्यांचे घागरे, लोंबायला लागले ना. पँट असती तर मागे एक टीप मारून मोकळी झाले असते. किल्टला ते जमत नाही, आणि का जमत नाही ते आधी सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

पूर्ण मापाचा किल्ट म्हणजे साधारण 8 वार लोकरी कापड, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा वारभरच कमी. पुढे दोन सपाट भाग एकावर एक येतात, त्यांना एप्रन म्हणतात, आणि मागे 25-30 निऱ्या, कंबरेपासून नितंबापर्यंत शिवून टाकलेल्या. आपण निऱ्या रोज नव्याने घालतो म्हणून नऊवारी कधी कुणाला सैल झाली असं ऐकलं नाही. हायलँडमधले, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक पूर्वी तसंच करायचे, कापड पसरून निऱ्या घालायच्या आणि वरून पट्टा आवळायचा. शिवलेल्या निऱ्या अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी आल्या, तेव्हापासून ही भानगड.

तर पहिलं काम म्हणजे माप. किल्ट बसतो बेंबीच्या आसपास, जीन्सच्या जागी नाही. आमच्याकडे पहिल्यांदा टेप जीन्सच्या जागी लावला गेला आणि अर्धा तास उगाच वाद झाला. कंबर आणि नितंब दोन्ही मोजा. किल्ट पूर्वीपेक्षा लांब वाटतोय म्हणून खालून कमी करायला मात्र जाऊ नका. तो खाली घसरलाय म्हणून लांब दिसतो, कंबर नीट झाली की आपोआप गुडघ्याच्या मध्यावर येतो. शिवाय खाली दुमड नसते, कापडाचा काठच असतो, तो कापला की गेला.

आता फरक 2 इंचांच्या आत असेल तर बकल सरकवा, दुसरा विचार करू नका. किल्ट दोन्ही बाजूंना चामड्याच्या पट्ट्यांनी आणि बकलांनी आवळतात, तर आधी त्या पट्ट्यांना भोकं शिल्लक आहेत का बघा, कधीकधी तेवढ्यावरच भागतं. नाहीतर उजवीकडची बकलं उसवून इंचभर मागे निऱ्यांच्या दिशेने शिवायची, जुन्या टाक्यांच्या खुणा वरच्या एप्रनखाली झाकल्या जातात. डावीकडे मात्र उलटं करायचं. तिथे आतल्या एप्रनचा पट्टा एका फटीतून बाहेर येतो आणि ती फट काही जागची हलत नाही, त्यामुळे बकल नाही तर पट्टाच एप्रनवर आत सरकवावा लागतो. हे मला एकदा चुकीचं करून कळलं, बकल मागे नेलं आणि आतलं कापड फटीपाशी गोळा होऊन बसलं. चामड्यातून सुई घालताना जुन्याच भोकांतून घाला, नवी भोकं पाडत बसलात तर चामडं फाटतं. जाड दोरा, खालच्या कॅनव्हासपर्यंत (आत आधाराला लावलेलं ताठ कापड) टाका, आणि दोन्ही बाजू सारख्याच सरकवायच्या, नाहीतर पुढचा भाग एका अंगाला जातो. एका संध्याकाळचं काम आहे आणि वजन परत वाढलं तर परत उसवता येतं, हा मोठा फायदा.

पण 3-4 इंच अशाने काढायला गेलात तर कंबर बसेल आणि किल्ट बिघडेल. कारण एप्रन तेवढाच रुंद राहतो आणि माणूस लहान झालेला असतो, मग एप्रनची कड पार मागे वळते आणि चालताना निऱ्या हलायच्या तशा हलत नाहीत. इथे निऱ्या पुन्हा घालणं हाच खरा उपाय. गंमत म्हणजे हिशोब किती छोटा असतो बघा: 4 इंच कमी करायचेत, त्यातले 2 पुढून आणि 2 मागून धरले, तर 28 निऱ्यांत प्रत्येकीच्या वाट्याला 2 मिलीमीटरसुद्धा येत नाहीत. पण तेवढ्यासाठी अस्तर, कॅनव्हास, कंबरेची पट्टी, बकलं सगळं उसवायचं, प्रत्येक निरी हाताने परत शिवायची, तीसुद्धा टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या चौकड्यांच्या, रेघा एकमेकींना जुळवत. नवा शिवण्याइतकीच मेहनत. म्हणून हे किल्ट शिवणाऱ्याकडेच द्या. इथल्या एका साध्या अल्टरेशनवाल्याने ओळखीतल्या एकाच्या किल्टला समोरून दोन डार्ट (कापड चिमटून घातलेल्या तिरक्या शिवणी) मारून दिले, उभ्या रेघा पोटावर अशा तिरक्या झाल्यात की त्याने जॅकेट काढायचंच सोडलं.

मग नवा कधी घ्यायचा? मशीनवर शिवलेला पॉलिव्हिस्कोसचा (लोकर नसलेल्या मिश्र धाग्याचा) स्वस्त किल्ट असेल तर निऱ्या उसवण्याची मजुरी त्याच्या किमतीच्या वर जाते, तो सरळ विकून टाका, मोठ्या मापाला गिऱ्हाईक असतंच. वडिलांचा किंवा हाताने शिवलेला, वाराला 16 औंस भरणाऱ्या जाड लोकरीचा असेल तर तो ठेवायचाच, मग उसवायचा खर्च करा, पण कापड आधी उजेडासमोर धरून कसरीची भोकं बघून घ्या. आणि एकाच लग्नापुरता प्रश्न असेल तर भाड्याने घ्या, इथे सर्रास घेतात.

एक राहिलंच, वजन नुकतंच उतरलं असेल तर निऱ्यांना सहा महिने हात लावू नका. आमचा जाड किल्ट मी अजून तसाच ठेवलाय, फक्त बकलं सरकवलीत. गणपती आणि दिवाळी दोन्ही जाऊ देत, मग टेप लावू.