विंगस्पॅन: आठ महिने खेळल्यावर, आणि दोन्ही एक्सपान्शनचे पैसे मोजल्यावर

लॅपटॉपवर विंगस्पॅन हा पक्ष्यांच्या पत्त्यांचा खेळ गेले आठ महिने खेळतेय. मी सांगलीत, दादा हॅनोव्हरला. त्याची चाल मला सकाळी चहाबरोबर दिसते, माझी त्याला जेवणाच्या सुट्टीत. मूळ खेळ सेलमध्ये घेतला, ऑक्टोबरात युरोपियन एक्सपान्शन (म्हणजे मूळ खेळात नवे पत्ते घालणारी जोड), जानेवारीत ओशनिया. हा क्रम चुकला, हे आता कळतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा पुठ्ठ्याचा खेळ २०१९ चा, आणि मॉन्स्टर काउचने तो २०२० मध्ये संगणकावर आणला. जंगल, गवताळ रान आणि पाणथळ अशा तीन पट्ट्यांत पक्ष्यांचे पत्ते बसवून गुण मिळवायचे. चार फेऱ्या, एकूण २६ चाली. पत्ता टाकला की त्या पक्ष्याचा आवाज ऐकू येतो, आणि डब्यातल्या खेळात नसलेल्या या एका गोष्टीवर मी भाळले.

मूळ खेळात १७० पक्षी आहेत. पहिले दोन महिने ते पुरून उरले. मग दोन कावळ्यांचा कंटाळा आला. रेव्हन म्हणून दोन पत्ते आहेत, एक अंडं द्या आणि हवे ते दोन दाणे, म्हणजे पक्ष्यांचं खाणं, घ्या. ज्याला ते लवकर मिळाले तो खाण्याची चिंता विसरतो. दादाला ते नेहमी मिळतात, असं माझं ठाम मत आहे. शिवाय शेवटच्या फेरीत दोघंही गुणांसाठी नुसती अंडी घालत बसायचो.

म्हणून युरोपियन घेतलं. ८१ नवे पक्षी, त्यातल्या काहींची करामत फेरी संपताना चालते. असा पक्षी पहिल्याच फेरीत बसवला तर चारदा फळ देतो, शेवटच्या फेरीत एकदाच, त्यामुळे सुरुवातीची घाई वाढते. छान आहे, पण खेळ तोच राहतो. मला यातला आनंद वेगळाच मिळाला: धोबी पक्षी निघाला! हिवाळ्यात कृष्णेच्या घाटावर शेपटी वरखाली करत फिरणारा तोच. दादा म्हणाला, "अगं, हा तर उन्हाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये असतो." पण पक्षीप्रेम बाजूला ठेवलं तर पूर्ण किमतीत मी हे पुन्हा घेणार नाही. सेलची वाट बघा.

ओशनियाचं तसं नाही. ९५ पक्षी हा त्यातला कमी महत्त्वाचा भाग. मुख्य आहे तो मकरंद. तो कुठल्याही दाण्याच्या जागी चालतो, पण फेरी संपली की उरलेला फुकट जातो. ज्या पट्ट्यात तो खर्च केला तिथे त्याचा हिशोब राहतो. शेवटी प्रत्येक पट्ट्यात सर्वांत जास्त खर्चणाऱ्याला ५ गुण, दुसऱ्याला २. मागच्या महिन्यात मी पाणथळात एकही मकरंद खर्चला नाही, दादाने तिथे एकच खर्चला आणि ५ गुण उचलले. मी ३ गुणांनी हरले. पटही बदललाय, अंड्यांचा सपाटा पूर्वीइतका फळत नाही. आणि तिन्ही गठ्ठे एकत्र केले की ३४६ पत्ते होतात. आधी ८५ पत्त्यांत एक रेव्हन होता, आता १७३ त एक. दादाचं नशीब तेवढं पातळ झालं. उलट एखाद्या ठरावीक प्रकारचे पक्षी जमवायचे असतील तर तेही तितकेच विरळ होतात.

आता किमतीचं. पुठ्ठा नाही, छपाई नाही, जहाजाचं भाडं नाही, मग एवढे पैसे कशाचे, असं मीही कुरकुरले होते. पण प्रत्येक पक्ष्याची करामत कोणीतरी प्रोग्राममध्ये बसवायची, संगणकाच्या खेळाडूला ती वापरायला शिकवायची, आवाज मिळवायचे, म्हणजे काम आहेच. मला खुपतं ते वेगळं. डबा घेतला असता तर मे महिन्यात भाच्यांना दिला असता, कंटाळा आला की निम्म्या किमतीत विकला असता. इथे दोन्ही नाही. स्टीमवर (संगणकाच्या खेळांचं ऑनलाइन दुकान) घेतलेला खेळ आयफोनवरही येत नाही, तिथे पुन्हा पैसे. याआधी दुसऱ्या एका खेळात (नाव घेत नाही) मी तीन नकाशे विकत घेतले होते. मग नवी आवृत्ती आली, जुनी दुकानातून काढली आणि माझे नकाशे नव्यात आलेच नाहीत. तेव्हापासून एका वेळी एकच एक्सपान्शन घेते.

एक उपयोगाची गोष्ट. स्टीमवर एक्सपान्शन घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि त्यानंतर मूळ खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात. संगणकाविरुद्ध माझा एक डाव पंचवीस मिनिटांत होतो. म्हणजे चार डाव निवांत खेळून ठरवता येतं. मी ओशनियाचे तीनच खेळले आणि परत मागायचं विसरून गेले.

कालपासून दादाची चाल आलेली नाही. त्याच्याकडे चार मकरंद पडून आहेत आणि फेरीची एकच चाल उरलीय.