२ घनमीटरचा बॅगवाला गोबरगॅस: कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

गोठ्यात चार-पाच जनावरं बांधलेली असतात, जागा खडकाची किंवा भेगाळणाऱ्या काळ्या मातीची आहे आणि गोबरगॅसचा पक्का घुमट जमिनीत बांधणारा गवंडी मिळत नाही, अशा घरानं बॅगवाला गोबरगॅस, म्हणजे जाड कापडाच्या बंद बॅगेत शेण कुजवून गॅस करणारा, जरूर घ्यावा. जनावरं दिवसभर रानात चरत असतील तर नाद सोडावा. निम्मं शेण रानातच पडतं आणि बॅग कायम अर्धपोटी राहते.

खरेदीत खरा घोळ मापाचा होतो. एकाच आकाराच्या बॅगेवर कुणी २ घनमीटर सांगतो, कुणी ६. पहिला आकडा रोजच्या गॅसचा, दुसरा बॅगेत मावणाऱ्या एकूण ऐवजाचा. म्हणून विक्रेत्याला एवढंच विचारा, की आत शेणकाला (शेण-पाण्याचं मिश्रण) किती लिटर राहतो? १ किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर गॅस निघतो. २ घनमीटरला ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे रोज १०० लिटर काला झाला. महाराष्ट्राच्या हवेत तो ४० दिवस तरी आत राहायला हवा. हिशेब सरळ आहे: ४,००० लिटर काल्याची जागा, आणि वर गॅसची वेगळी. बॅग लहान निघाली तर शेण अर्धकच्चं बाहेर येतं. स्लरीला, म्हणजे गॅस निघून बाहेर येणाऱ्या काल्याला, ताज्या शेणाचा वास आणि वर माशा, ही त्याची खूण.

२ घनमीटर गॅस म्हणजे सुमारे ०.९ किलो सिलिंडरचा गॅस, महिन्याला जवळपास दोन सिलिंडर. हे कागदावरचं. बॅगेचा वरचा भाग उघड्यावर असल्यानं पुरलेल्या घुमटापेक्षा लवकर गार पडते. शेणातून गॅस करणाऱ्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपास बरं वाटतं, १५ च्या खाली ते सुस्तावतात. नाशिक-निफाडकडच्या डिसेंबरात गॅस चांगलाच घटतो, तेव्हा सिलिंडर मोडीत काढू नका. बाजूनं भुसा-पाचट दाबलं आणि काला कोमट पाण्यात कालवला तर थोडा फरक पडतो.

बसवणं एका दिवसाचं काम, पण खड्ड्यात आळस नको. तळातले खडे, मुळं, काटे वेचून बारीक मातीचा थर द्यावा. पहिल्या भरणीला इनलेट (काला आत सोडायची) आणि आउटलेट (स्लरी बाहेर पडायची) दोन्ही नळ्यांची आतली तोंडं काल्यात बुडलीच पाहिजेत, नाहीतर गॅस तिथूनच निसटतो. चालू संयंत्रातली स्लरी दहावा हिस्सा मिसळली तर सुरुवात लवकर होते. पहिला गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो, पेटत नाही. तो सोडून द्यावा.

दाब ही बॅगेची सर्वांत मोठी उणीव. घुमटात काला वर ढकलला जाऊन दाब आपोआप तयार होतो, बॅगेत तसं होत नाही. वर पट्टे आवळा, वाळूच्या पिशव्या ठेवा, नाहीतर छोटा पंप लावा. बॅग चपटी झाल्यावर पंप चालू ठेवू नये. तो सांध्यांतून हवा ओढतो, आणि हवा मिसळलेला गॅस स्फोटक असतो. शेगडी बायोगॅसचीच हवी, सिलिंडरच्या शेगडीचं जेट (गॅस येण्याचं भोक) बारीक पडतं. नळीला बॅगेकडे उतार ठेवावा. वाटेत खोलगट भाग येणारच असेल तर तिथे पाणी काढायचा कॉक बसवा. पावसाळ्यात ज्योत फडफडू लागली की बहुतेक वेळा नळीत पाणीच असतं.

लोखंडी किसाचा फिल्टर टाळू नका. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड शेगडीचं पितळ खातो. कीस काळा पडला की उघड्या हवेत पसरावा, पुन्हा तांबूस झाला की भरावा. पसरताना तो तापतो, त्यामुळे जवळ कडबा नको.

गॅस अचानक बसला तर आधी गोठ्यात पाहा. फिनाईलचं पाणी, साबण किंवा प्रतिजैविकं दिलेल्या जनावराचं शेण आत गेलं की जिवाणू मरतात. खरकटं, शिळा भात एकदम जास्त टाकला तर काला आंबट होतो. मग चार-पाच दिवस भरणी बंद ठेवून पुन्हा थोड्या शेणानं सुरुवात करावी. शेणाबरोबर माती आली तर ती तळाशी साचते, आणि बॅगेतून गाळ काढणं हे घुमटापेक्षा जास्त जिकिरीचं.

उंदीर, शेळीची खुरं आणि गवत कापणाऱ्याचा विळा हे बॅगेचे खरे शत्रू. कुंपण किमतीतच धरा. गळती साबणाच्या फेसानं शोधावी, काडी ओढून कधीच नाही.

स्लरी पाटाच्या पाण्याबरोबर सोडली तर उत्तम. ठिबकला गाळल्याशिवाय जोडली तर ड्रिपर बुजलेच म्हणून समजा.

बिलावर कापडाची जाडी, काल्याचे लिटर, आणि शिवण किंवा जोड उसवल्यास दुरुस्तीला कोण, किती दिवसांत येणार, हे लिहून घ्या. 'पंधरा वर्षं टिकते' हे तोंडी सांगणं धरू नका.