मेजर गोल्फचं तिकीट, नागपुरातून: चार खिडक्या आणि त्यांचा हिशेब

नागपुरात बसून गोल्फच्या मेजर स्पर्धेचं, म्हणजे या खेळातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एखादीचं तिकीट काढायचं असेल, तर आधी ब्रिटनमधल्या द ओपनच्या बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नाव टाका. चारही मेजरच्या तिकीट व्यवस्था शेजारी ठेवून पाहिल्या, तर परदेशातल्या प्रेक्षकाला सगळ्यात सरळ वागवणारी हीच आहे. अमेरिकेतल्या मास्टर्सची लॉटरीही दरवर्षी भरावी, पण तिच्या भरवशावर रजा टाकू नये. अमेरिकेतल्याच यूएस ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिपची तिकिटं पैसे मोजले की बहुधा मिळतात. तिथे खरी अडचण असते ती व्हिसाची.

जामठ्याच्या क्रिकेट मॅचचं तिकीट काढायची सवय असलेल्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. गोल्फच्या साध्या तिकिटावर ना स्टँडचं नाव असतं ना सीट नंबर. ते फक्त आत शिरायचं तिकीट. शिरल्यावर दोरीच्या बाहेर कुठेही उभं राहा, खेळाडूसोबत मैदानातले अठराही होल (खेळाचे टप्पे) चाला, स्टँडमध्ये जागा रिकामी दिसली तर बसा. त्यामुळे 'चांगली सीट' मिळवण्यासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. निवड करायची असते ती दिवसाची, आणि तिथेच बहुतेक जण चुकतात.

द ओपनची व्यवस्था अशी आहे. आयोजक संस्था आर अँड ए. त्यांच्या वन क्लब नावाच्या सभासदत्वात आधी नाव नोंदवायचं. ते फुकट आहे. बॅलट स्पर्धेच्या साधारण वर्षभर आधी, म्हणजे आधीच्या ओपनच्या सुमारास जून-जुलैत उघडतं. अर्जात दिवस आणि तिकिटांची संख्या भरायची. ही म्हाडाच्या सोडतीसारखी सोडत आहे; पहिल्या मिनिटाला अर्ज केला काय किंवा चौथ्या दिवशी केला काय, संधी तेवढीच. फक्त शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. मृगाच्या वादळात लाइट गेली आणि वायफाय बसलं, तर वर्ष वाया जातं.

प्रौढांच्या साध्या तिकिटाचा दर अलीकडच्या वर्षांत स्पर्धेच्या दिवसाला शंभर पौंडांच्या आगेमागे राहिला आहे, सरावाच्या दिवसांना बराच कमी. १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबत प्रवेश मोफत आणि १६ ते २४ वयाच्यांना निम्मा दर. कॉलेजातल्या मुलामुलीला घेऊन जाणाऱ्या घराला हा मोठा फायदा आहे. मात्र मोफत असलं तरी मुलाचं तिकीटही मोठ्यांच्या तिकिटासोबतच मागून घ्यावं. गेटवर पोचल्यावर 'हा लहान आहे' म्हणून भागत नाही.

मागणी किती असते? २०२२ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला १५०वी ओपन झाली, तेव्हा तिकिटांसाठी तेरा लाखांवर अर्ज आले होते आणि प्रत्यक्ष प्रेक्षक होते २,९०,०००. २०२७ मध्ये ओपन पुन्हा सेंट अँड्र्यूजला आहे, त्यामुळे त्या वर्षाची चुरस नेहमीपेक्षा जास्तच धरून चला. बॅलटमध्ये नाव लागलं नाही तरी दार बंद होत नाही. आर अँड एचा स्वतःचा रिसेल प्लॅटफॉर्म आहे. ज्यांना जाता येत नाही ते तिथे तिकीट परत टाकतात आणि ते मूळ किमतीला दुसऱ्याला मिळतं. तिकिटं तिथे एकदम येत नाहीत, सुटी सुटी येतात. रोज सकाळ-संध्याकाळ दोन मिनिटं डोकावणाऱ्याला एखादं सापडतं. आठवड्यातून एकदा बघणाऱ्याला सहसा नाही. चार जणांना एकाच दिवसाची चार तिकिटं हवी असतील, तर या वाटेने जमणं अवघड.

दिवस कोणता मागावा? आमचं मत ठाम आहे: गुरुवार. रविवारी चषक उचलताना बघायचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून गर्दीही तिथेच होते. गुरुवारी आणि शुक्रवारी सगळे १५६ खेळाडू खेळतात. तिघातिघांचे ५२ गट, आणि ओपनमध्ये सगळे पहिल्याच टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) सुटतात. पहिला चेंडू सकाळी साडेसहाच्या सुमारास उडतो, शेवटचा गट दुपारी चारनंतर निघतो, आणि जुलैत स्कॉटलंडमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. एका तिकिटात पंधरा तासांचं गोल्फ. शुक्रवारनंतर कट लागतो, पहिले ७० आणि बरोबरीतले तेवढे उरतात. ज्याच्यासाठी नागपूरहून निघालात तो खेळाडू शनिवारी असेलच, याची हमी कुणी देत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सरावाचा एक दिवस आणि गुरुवार ही जोडी मागावी. सरावाला खेळाडू निवांत असतात, वाळूच्या एकाच बंकरमधून पाच-पाच चेंडू मारून बघतात, मुलांना सह्याही देतात.

या सेवेत एक खोट आहे, तीही सांगायला हवी. तिकीट कागदी नसतं, मोबाइल अॅपमध्ये येतं. घरातल्या पाच जणांची तिकिटं एकाच्याच फोनमध्ये राहिली आणि तो फोन बंद पडला, तर पाचही जण गेटबाहेर. म्हणून ज्याचं तिकीट त्याच्या फोनवर आधीच ट्रान्सफर करा. आजी-आजोबांच्या फोनमध्येही अॅप घालून, लॉगिन करून, एकदा उघडून बघा, आणि हे सगळं नागपुरातच करा. तिथे पोचल्यावर ओटीपी भारतातल्या सिमवर येतो आणि रोमिंग सुरू नसलं की सगळं अडतं. स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

आता मास्टर्स. जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनल क्लबच्या मैदानावर एप्रिलमध्ये होणारी ही स्पर्धा गोल्फ बघणाऱ्याची पंढरी आहे, आणि तिची लॉटरी तितकीच कठीण. अर्ज १ ते २० जूनदरम्यान, पुढच्या वर्षासाठी, फक्त मास्टर्सच्या स्वतःच्या वेबसाइटवर. अर्जदाराचं वय किमान २१. सोमवार ते बुधवार सराव, गुरुवार ते रविवार स्पर्धा. हवे तितके दिवस टिकमार्क करता येतात, मिळाला तर एकच मिळतो. म्हणून सगळ्या दिवसांवर टिक करा. एकच दिवस निवडून संधी कमी करून घेण्यात काही हशील नाही. पैसे निवड झाली तरच भरायचे. २०२६ साठी सरावाच्या दिवसाचं तिकीट १२५ डॉलर आणि स्पर्धेच्या दिवसाचं १६० डॉलर होतं. जगातल्या सगळ्यात दुर्मीळ तिकिटांपैकी एक असूनही क्लबने दर इतका खाली ठेवला आहे, हे मनापासून कौतुक करण्यासारखं आहे. आत सँडविचही दीड डॉलरला मिळतं आणि पार्किंग फुकट.

आपल्याकडचे अर्ज अडकतात ते पत्त्यावर. नियम एका घराला एक अर्ज असा आहे. महाल किंवा इतवारीतल्या एकत्र कुटुंबात बाबा, काका आणि दादा यांनी एकाच पत्त्यावरून तीन अर्ज टाकले, तर संधी तिप्पट होत नाही. तिन्ही बाद व्हायचा धोका असतो. एकानेच भरा. नाव पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने लिहा, वडिलांचं नाव मधल्या रकान्यात आणि आडनाव शेवटच्या. निकाल ईमेलने येतो आणि तो स्पॅममध्ये गेला तर पैसे भरायची मुदत निघून जाते. जुलैभर स्पॅमचा फोल्डर तपासत राहा. सगळ्या दिवसांच्या मालिका-बॅजची, म्हणजे पासची, वाट बघू नका. त्याची प्रतीक्षा यादी १९७८ मध्येच बंद झाली आणि २००० साली थोडा काळ उघडून पुन्हा मिटली.

मास्टर्सचं तिकीट बाहेरून विकत घ्यायचा विचारही नको. किंमत हजारो डॉलरच्या घरात जाते हे एक कारण, पण मोठं कारण वेगळं. तिकीट ज्याच्या नावावर निघालं, त्याने ते बाजारात विकल्याचं क्लबला कळलं की ते रद्द होतं. म्हणजे तुम्ही नागपूर-मुंबई-अटलांटा करून, पुढे दोन-अडीच तास गाडीने ऑगस्टाला पोचायचं, आणि गेटवर स्कॅनरने नकार द्यायचा. त्या वेळी विकणाऱ्याचा फोन लागत नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर 'कन्फर्म बॅज आहे' म्हणून जे फिरतं, त्याला अॅडव्हान्स पाठवू नका.

यूएस ओपनची तिकिटं अमेरिकेची गोल्फ संघटना यूएसजीए विकते. आधी सभासदांना, मग सगळ्यांना. इथे सोडत नाही, आधी येईल त्याला मिळेल असा मामला; म्हणून घड्याळाकडे लक्ष हवं. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तिथले सकाळचे दहा हे आपले संध्याकाळचे साडेसात. हिवाळ्यात हा फरक साडेदहा तासांचा होतो आणि गडबड नेमकी तिथे होते. पीजीए चॅम्पियनशिपच्या तिकिटात अलीकडे खाणं आणि दारू सोडून इतर पेयं धरलेली असतात. तिकीट महाग वाटतं, पण दिवसभराचा जेवणाचा खर्च त्यातून वजा करा, मग तुलना नीट होते.

पैसे भरताना होणारी गफलत चारही ठिकाणी सारखीच. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच येतात. ते बँकेच्या अॅपमधून आपण सुरू करायचे असतात. नुसता स्विच चालू करून भागत नाही, खाली परदेशी ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा असते, तीही वाढवा. ती शून्यावर राहिली की पेमेंट नाकारलं जातं आणि वेबसाइट कारण सांगत नाही. बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप (परदेशी चलनासाठी बँक घेते तो जादा आकार) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ४०० पौंडांच्या तिकिटांवर १४ पौंड मार्कअप आणि अडीच पौंड जीएसटी, म्हणजे साडेसोळा पौंड जास्तीचे. कमी मार्कअपचं कार्ड घरात कुणाकडे असेल, तर ते वापरा. वेबसाइटने 'रुपयांत भरायचं का' विचारलं तर नाही म्हणा आणि त्यांच्याच चलनात भरा; रुपयांतला दर जवळपास नेहमी वाईट असतो.

व्हिसाचं गणित तिकिटाच्या आधी मांडा. अमेरिकेसाठी महाराष्ट्रातल्या लोकांना साधारणपणे मुंबईच्या वकिलातीत मुलाखत द्यावी लागते, आणि बोटांचे ठसे व फोटो बहुधा एक दिवस आधी वेगळ्या केंद्रात. म्हणजे मुंबईत किमान एक मुक्काम. पर्यटक व्हिसाची मूळ फी १८५ डॉलर. मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी कित्येक महिने लागतात. जुलैत मास्टर्सची लॉटरी लागली आणि हातात व्हिसा नसेल, तर एप्रिलपर्यंतचा वेळ पुरेलच असं नाही. तिकीट विकताही येत नाही. म्हणून ज्यांच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आधीच आहे, मुलगा-सून तिकडे असल्यामुळे नागपुरात अशी घरं भरपूर आहेत, त्यांनी मास्टर्सचा अर्ज जरूर भरावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आधी व्हिसा काढावा, मग लॉटरीकडे वळावं.

ब्रिटनचं गणित सोपं आहे. प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच अर्ज करता येतो, म्हणून जुलैच्या ओपनसाठी एप्रिलच्या मध्यात सगळी कागदं तयार ठेवा. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात, पण मे-जूनच्या सुट्टीच्या गर्दीत जास्त लागू शकतात. तिकीट हातात असणं ही व्हिसाची अट नाही आणि त्यामुळे व्हिसा सुलभही होत नाही. बँकेचे व्यवहार आणि परत यायची कारणंच बघितली जातात.

सेंट अँड्र्यूजला जाणार असाल, तर मुक्काम गावात शोधू नका. डंडी जवळ आहे, एडिनबराहून रेल्वेने ल्यूकर्सला तासाभरात पोचता येतं आणि तिथून बसने मैदान. हॉटेल बॅलटच्या निकालाआधी, पण फुकट रद्द होणारंच बुक करा. निकालानंतर खोल्यांचे भाव उडालेले असतात.

मैदानात गेल्यावरचं एक. सेंट अँड्र्यूजचं मैदान, म्हणजे ओल्ड कोर्स, सपाट आहे, होल एकमेकांना चिकटून आहेत आणि सात ग्रीन (खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) दोन-दोन होलना मिळून वापरली जातात, त्यामुळे प्रेक्षक बाहेरच्या कडेला राहतो आणि उभं राहून फारसं दिसत नाही. इथे स्टँडमधली जागा हेच तिकिटाचं मोल. सातव्या आणि अकराव्या होलचे फेअरवे (टी ते ग्रीनमधले गवताचे पट्टे) जिथे एकमेकांना छेदतात आणि ग्रीनही दोघांत एकच असतं, त्या टोकाला सकाळी लवकर पोचा. एका जागेवरून जाणारे गटही दिसतात आणि परतणारेही. सोबत रेनकोट, विंडचीटर आणि कानटोपी हवी. नागपूरच्या जुलैच्या हिशेबाने सुती शर्टात गेलेला माणूस समुद्रावरच्या वाऱ्यात तासाभरात चहाच्या तंबूत जाऊन बसतो आणि समोरची खेळी हुकते.