मांद्रेतलं होमस्टे, मे महिन्यात

मेच्या अखेरीस सासूबाई, मी आणि दोन मुलं उत्तर गोव्यातल्या मांद्रेत समुद्राजवळच्या एका घरगुती होमस्टेत राहून आलो. आधीच्या एका पाहुण्याने ‘किनारा घाणेरडा, पायांना डांबर लागलं’ म्हणून एकच स्टार दिलाय. तो वाचून कचरत असाल तर माझंही वाचा.

बुकिंगला फोन केला तेव्हा मालकीणबाईंनीच विषय काढला. “बाय, हे दिवस डांबराचे. वारा फिरला की गोळे किनाऱ्याला लागतात. मुलांना घेऊन येताय म्हणून आधीच सांगते.” गिऱ्हाईक हातचं जाईल अशी गोष्ट कोण सांगतं हो?

आणि गोळे आलेच. भरतीची रेघ सकाळी काळी दिसत होती. बोराएवढे गोळे, वर वाळू चिकटलेली, त्यामुळे खडेच वाटतात. पाय पडला की फुटून पसरतात. अंगणातल्या नळापाशी खोबरेल तेलाची बाटली, जुनी फडकी आणि पाय पुसायला गोणपाट ठेवलेलं होतं. साबणाने हे निघत नाही, तेलाने सुटतं. धाकट्याची टाच त्यांनी स्वतः बसून पुसून दिली. रॉकेल मात्र लावू देत नाहीत, कातडी सोलते म्हणून.

आता त्या एका स्टारबद्दल. मुंबईच्या वायव्येला सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली तिथे तेल लागलं. शिवाय आखातातून तेल आणणारे टँकर याच समुद्रातून जातात, आणि टाक्या धुतलेलं तेलकट पाणी काही जण वाटेतच सोडतात. सांडलेल्या तेलातला हलका भाग उडून जातो, उरलेलं लाटांवर घुसळत घट्ट होतं, तेच हे डांबराचे गोळे. पावसाळ्याच्या तोंडावर प्रवाह दक्षिणेकडे आणि वारा किनाऱ्याकडे, म्हणजे वाटेत आम्ही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोव्यातले गोळे तपासले, तेव्हा काहींचा माग टँकरच्या धुवणापर्यंत लागला, तर काहींचा बॉम्बे हायपर्यंत. मांद्रेतल्या पाच खोल्यांच्या मालकिणीने यात काय करायचं? आम्ही डिचोलीचे, गोव्यातल्या खाणपट्ट्यातले. खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ खात वाढलो, त्यामुळे जमिनीतून काढतो एक आणि भोगतो दुसरा, हे आम्हाला नवं नाही.

त्यापेक्षा मला कासवांचं वाईट वाटलं. इथल्याच मोरजी-आश्वे किनाऱ्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. समुद्रात गेलेली पिल्लं पाण्यावर तरंगेल ते तोंडात घेतात, मग त्यात डांबरही आलं. त्यांच्यासाठी खोबरेल घेऊन कोण बसणार!

जेवणाला पैकीच्या पैकी. तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण म्हणजे कालवण, सुंगटांचं किसमूर म्हणजे सुक्या कोळंबीची कोशिंबीर, वर मानकुराद आंबा. जूनपासून दोन महिने ट्रॉलर बंद असतात, म्हणून मासे खायचे असतील तर मेच बरा.

एक स्टार मी कापलाय तो चादरीसाठी. डांबराचा डाग पडला तर २०० रुपये, असा कागद खोलीत चिकटवलाय. आमच्याकडून घेतलेही. नियम कळतो, पण मग पांढऱ्याशुभ्र चादरी कशाला घालायच्या? मेमध्ये गडद रंगाच्या घाला, एवढंच मालकीणबाईंना सांगून आलेय.