डाव्या हातासाठी व्हीआर थेरपी: १२ आठवड्यांचा अनुभव

मेंदूच्या उजव्या भागात गुठळी अडकली आणि माझी डावी बाजू गेली. हात लुळा पडलाच, पण डावीकडे काही आहे याचंच भान सुटलं. ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं, दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटायचा. डोळे शाबूत होते, लक्षच तिकडे वळत नव्हतं. पाचव्या महिन्यात फिजिओथेरपीच्या जोडीला व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात करायचे व्यायाम) सुरू केलं. आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी ४० मिनिटं.

'जोडीला' हे मुद्दाम लिहिते आहे. थेरपिस्ट मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, की कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा तेवढाच वेळ दिलेल्या नेहमीच्या थेरपीपेक्षा व्हीआर हातासाठी सरस ठरलं नाही. नेहमीच्या उपचारांत भर म्हणून दिलं तेव्हा मात्र फायदा दिसला. म्हणून मी फिजिओथेरपीचा एकही दिवस कमी केला नाही.

पहिल्या दिवशी खेळ नव्हताच. हेडसेट चढवला, मनगटांना सेन्सर बांधले आणि दोन्ही हात जमतील तेवढे पुढे, वर, बाजूला न्यायला लावले. चांगला हात कुठवर जातो, अधू हात कुठे अडतो, यावरून माझा पल्ला ठरला. मग समोर फळ्यांवर बरण्या आल्या. जी उजळेल तिला हात लावायचा. दहापैकी आठ-नऊ जमू लागल्या की बरण्या थोड्या लांब जायच्या, चार-पाचवर आले की जवळ यायच्या. अंतर, वेग, आकार आणि बाजू हे सगळं वेगवेगळं बदलतं, ही या प्रणालीची खरी ताकद. माझा हात लांब जायचा पण सावकाश, म्हणून अंतर वाढलं तरी वेग वाढला नाही. माझ्यानंतर येणाऱ्या काकांचं उलटं होतं. त्यांच्या बरण्या जवळच, पण भराभर उजळायच्या.

डाव्या बाजूचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटलं. पहिल्या आठवड्यात सगळ्या बरण्या मध्यावर आणि उजवीकडे होत्या. मग एकेक डावीकडे सरकू लागली. चुकली की डाव्या कानात किणकिण वाजायचं आणि मान वळायची. पुढे तो आवाज हळूहळू बारीक होत गेला, तरी मान वळत राहिली. सहाव्या आठवड्यात एकदा जेवण झाल्यावर बहीण माझ्या ताटाकडे बघतच राहिली. ताट पूर्ण रिकामं होतं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दुसरा फायदा संख्येचा. २००९ च्या एका निरीक्षणात, थेरपीच्या एका वेळेला हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ च होतात असं आढळलं होतं. माझ्या पडद्यावर ४० मिनिटांच्या शेवटी अडीचशेच्या आसपास आकडा असायचा. मेंदूला नव्या वाटा पाडायला एवढं घोटून घ्यावंच लागतं.

आता खटकलेलं. तिसऱ्या आठवड्यात माझे गुण एकदम चढले, मी हरखून गेले. मॅडमनी बाजूला उभं राहून पाहिलं आणि खेळ थांबवला. हात लांबत नव्हता, मी कमरेतून झुकत होते. यंत्राला मनगट पोचलेलं कळत होतं, पाठ दिसत नव्हती. त्यामुळे माझी चूक हीच प्रगती समजून त्याने बरण्या आणखी लांब नेल्या होत्या. छातीवरून खुर्चीला पट्टा बांधला, अंतर कमी केलं, तेव्हा गुण खाली आले आणि कोपर खऱ्या अर्थाने उघडायला लागलं. नंतर दोनदा मला हेडसेट लावून खोलीत एकटी सोडलं गेलं. दुसऱ्या वेळी खांदा दोन दिवस ठणकत होता. यावर मी स्पष्ट तक्रार केली. आपलं माणूस जात असेल, तर शेजारी कोण थांबणार हे आधी विचारून घ्या.

आणखी एक. पडद्यावरचा हात खऱ्या हातापेक्षा जरा जास्त हलताना दाखवतात, हुरूप यावा म्हणून. ते मला चौथ्या आठवड्यात कळलं आणि वाईट वाटलं. आधी सांगितलं असतं तर मी आनंदाने मान्य केलं असतं.

माझे आकडे: पक्षाघातानंतर हाताची हालचाल कितपत होते हे मोजणाऱ्या फुगल-मायर चाचणीत ६६ पैकी २९ गुण होते, आता ३८. एका मिनिटात ठोकळे पलीकडच्या खणात टाकायच्या चाचणीत ७ चे १६ झाले. यात व्हीआरचा वाटा किती आणि फिजिओथेरपीचा किती, हे वेगळं काढता येणार नाही.

पुढचे ६ आठवडे मी नाव नोंदवलं आहे. पण त्या बरणीला वजन नाही, खरखरीतपणा नाही, ती बोटांतून निसटतही नाही. त्यामुळे चिमटीसाठी मी घरून बटणांचा डबा नेते. हेडसेट उतरला की मॅडम तो टेबलावर माझ्या डावीकडे ठेवतात.