झटपट तोंडी लावण्यासाठी सोया चंक्स: मिनी, मोठे की ग्रॅन्युल्स?

वीस-पंचवीस मिनिटांत काहीतरी खमंग तोंडी लावणं करायचं असेल, तर सोयाबीनचे अख्खे दाणे सोडून द्या. ते रात्रभर भिजवायला लागतात आणि नंतर मऊ होईपर्यंत शिजवायलाही, कारण कच्च्या सोयाबीनमधली प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारी द्रव्यं उष्णतेनेच निष्प्रभ होतात. घाईला उपयोगी पडतात ते सोया चंक्स, आणि त्यातही मिनी आकाराचे.

तेल काढून घेतलेल्या सोयाबीनचं पीठ यंत्रात उष्णता आणि दाब देऊन चंक्स तयार करतात. म्हणजे शिजण्याचं बरंचसं काम आधीच झालेलं असतं, आपण फक्त ते फुलवायचे आणि त्यांना चव द्यायची. कोरड्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं असतात आणि चरबी नावापुरती. हा गुण खराच, पण पदार्थ कोरडा, चोथ्यासारखा लागतो तोही याच कारणाने. इथे तेलात काटकसर करू नये.

मोठे चंक्स रश्श्यात शोभतात. कोरड्या पदार्थात मात्र वरून झणझणीत आणि आतून फिके राहतात, चिरून घेतल्याशिवाय त्यांचं काही होत नाही. ग्रॅन्युल्स सर्वांत लवकर भिजतात, पण पिळताना बोटांमधून निसटतात, म्हणून फडक्यात बांधून पिळावे लागतात. शिवाय त्यांना खरपूस कड येत नाही, सगळं मोकळ्या भुग्यासारखं होतं. मिनी चंक्स एका घासात मावतात, मुठीत घेऊन सहज पिळता येतात आणि तव्यावर सगळीकडून लाल होतात. एकच पाकीट घ्यायचं असेल तर हेच घ्या.

घटकांच्या यादीत तेलविरहित सोया पीठ एवढंच असलेलं पाकीट सर्वांत चांगलं. सोबत मसाल्याची पुडी असेल तर तिच्यातलं मिठाचं प्रमाण आधी वाचा, पूर्ण पुडी घातली तर वरून मीठ घालायची सोय राहत नाही. तळाशी भुगा जास्त दिसला, तर माल आदळआपट होऊन आलेला आहे. उघडल्यावर कुबट वास आला तर वापरू नका, तो मसाल्याने झाकला जात नाही.

आता करायचं कसं. दोन-तीन जणांसाठी ५० ग्रॅम मिनी चंक्स घ्या. चार-पाच कप पाणी खळखळून उकळा, त्यात एक चमचा मीठ घाला आणि चंक्स पाच-सहा मिनिटं उकळा. मीठ याच पाण्यात हवं. पाणी आत शिरताना मीठ घेऊन जातं, नंतर घातलेलं मीठ वरच्या वरच राहतं. चाळणीत ओता, गार पाण्याखाली दोनदा धुवा आणि मग मूठ-मूठ घेऊन घट्ट पिळा. पिळल्यावर निघणारं गढूळ, पिवळसर पाणी टाकून द्या, सोयाचा तो उग्र वास बराचसा त्यातच असतो.

बहुतेकांचा पदार्थ बिघडतो तो या पिळण्यात. हलक्या हाताने पिळलेले चंक्स स्पंजसारखे भरलेलेच राहतात, त्यामुळे तव्यावर पाणी सोडतात, परतण्याऐवजी वाफवले जातात आणि सॉसला आत शिरायला जागा उरत नाही. दाबल्यावर एकही थेंब पडत नाही, इथवर पिळायचं.

रुंद तवा चांगला तापवून दोन मोठे चमचे तेल घाला. चंक्स एका थरात पसरा आणि दोन मिनिटं हलवू नका, खालची बाजू सोनेरी होऊ द्या. नंतर मोठ्या आचेवर आणखी तीन-चार मिनिटं परता. एकावर एक ढीग झाला तर दोन खेपांत करा. मग आच मध्यम करून, चंक्स बाजूला सारून, सहा पाकळ्या बारीक चिरलेला लसूण आणि अर्धा चमचा लाल तिखट मोकळ्या जागेत घाला. लसूण सुरुवातीलाच घातला तर चंक्स लाल होईपर्यंत तो करपून कडू होतो. अर्ध्या मिनिटाने दोन छोटे चमचे सोया सॉस, अर्धा चमचा साखर आणि दोन चमचे पाणी एकत्र करून ओता. नुसता सॉस तापलेल्या तव्यावर लगेच जळतो, म्हणून हे पाणी. ओल आटली, चंक्सना चकाकी आली की गॅस बंद करा. मिरपूड आणि लिंबू शेवटी. मीठ चाखूनच घाला, बहुधा लागत नाही.

चंक्स वातड लागले तर ते भिजायला कमी पडले किंवा मंद आचेवर फार वेळ परतले गेले, असं समजा. पहिली चूक झाली असेल तर थोडं गरम पाणी शिंपडून तीन मिनिटं झाकण ठेवल्याने सुधारते, दुसरी सुधारत नाही. सोया सॉसऐवजी काही आंबट हवं असेल तर चमचाभर टोमॅटोचा दाट गर चालतो, पण तो तेल सुटेपर्यंत वेगळा परतून घ्या.

सोयाची ॲलर्जी असणाऱ्यांनी हा पदार्थ टाळावा. साध्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, तेव्हा गहू न चालणाऱ्यांनी बाटलीवरची यादीही बघावी. उकळून पिळलेले चंक्स डब्यात घालून फ्रिजमध्ये दोन दिवस चांगले राहतात. ती तयारी असेल तर तव्यावरचं काम दहा मिनिटांत उरकतं.