ट्रोम्सो की स्वालबार्ड?

मावसबहिणीला आर्क्टिक बघायचंय पण उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो शहर की त्याच्याही उत्तरेची स्वालबार्ड बेटं हेच ठरत नाहीये, म्हणून लिहितेय.

आधी व्हिसा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) येत नाही, त्यामुळे आपल्या पासपोर्टवर नॉर्वेमार्गे जाऊन परत यायचं तर डबल एंट्री लागते, हे बुकिंगच्या आधी बघच. खर्च स्वालबार्डचा जास्त, कारण लॉंगयिअरब्येन या तिथल्या मुख्य गावाच्या बाहेर ध्रुवीय अस्वलांमुळे बंदूकधारी गाइडशिवाय जाऊच नये, म्हणजे प्रत्येक गोष्टीला टूर आली. आणि अस्वल दिसेलच असं धरून जाऊ नको, मार्च ते जूनमध्ये त्याच्यापासून 500 मीटर लांब राहायचा नियम आहे, इतर वेळी 300. ट्रोम्सोत मात्र बसने, पायी आपलं आपण फिरता येतं.

संस्कृतीत ट्रोम्सो खूपच पुढे. सामी म्हणजे तिथले मूळ रहिवासी लोक रेनडियर पाळतात, लाव्वो तंबूत शेकोटीभोवती बसवून बिदोस म्हणजे रेनडियरचं मटण-बटाटा-गाजर घातलेलं गरम कालवण वाढतात, योइक ही त्यांची पारंपरिक गाणी गातात. फेब्रुवारीत सामी सप्ताहात तर भर रस्त्यात रेनडियरच्या शर्यती! स्वालबार्डला मूळ रहिवासीच नाहीत, तिथे आहे तो कोळसा खाणींचा इतिहास, ओस पडलेलं पिरामिडेन हे खाणगाव, आणि खाणकामगारांच्या सवयीमुळे अजूनही कित्येक ठिकाणी दारातच बूट काढायचे.

कुत्र्यांची गाडी दोन्हीकडे आहे.

पहिल्यांदा जाणारे, लहान मुलं किंवा आईबाबा सोबत असतील, माणसांना भेटायचं असेल तर ट्रोम्सो. हिमनद्या, स्नोमोबाईल, निर्मनुष्य बर्फ हवा असेल आणि बजेट सैल असेल तर मार्च-एप्रिलमध्ये स्वालबार्ड.